लग्नाच्या मेजवानीचा दाखला घरच्या बायबल अभ्यासात कसा घ्यावा

मत्तय 22:1-14 हा येशूचा दाखला, म्हणजे त्याने सांगितलेली बोधकथा, गटात घ्यायची वेळ आली की सांगणारा बहुतेकदा दहाव्या वचनापाशीच थांबतो. राजाने मुलाच्या लग्नाची मेजवानी दिली, आमंत्रितांनी पाठ फिरवली, मग नाक्यानाक्यावरून माणसं बोलावली आणि घर पाहुण्यांनी भरलं. इथवर सगळ्यांचे चेहरे फुललेले असतात. अकराव्या वचनात राजा पाहुण्यांना बघायला आत येतो, लग्नाचा पोशाख न घातलेला एक जण त्याला दिसतो, आणि त्याचे हातपाय बांधून त्याला बाहेरच्या अंधारात टाकायचा हुकूम होतो. कॅथलिकांच्या तीन वर्षांच्या वाचनक्रमात ‘अ’ वर्षाच्या अठ्ठाविसाव्या सामान्य रविवारी हा भाग येतो, तेव्हा ही शेवटची चार वचनं सोडून छोटा पाठ वाचायची मोकळीक आहे. आपल्या घरगुती सभांमध्ये अशी मोकळीक कुणी दिलेली नसली तरी तसंच घडतं. ती वचनं सोडू नका, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिते आहे. उघडं दार आणि पोशाखाची विचारणा ही एकाच दाखल्यातली दोन टोकं आहेत. एक सोडलं की दुसऱ्याचा अर्थ बिघडतो.

मी ठाण्याजवळ कळव्याला राहते. आमच्या हॉलमध्ये गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनासभा भरते. उथळसर, खारेगाव, विटाव्याची माणसं येतात. चरईतली एक कॅथलिक मैत्रीण येते. आणि शेजारच्या काकू, ज्या ख्रिस्ती नाहीत पण गीतं आवडतात म्हणून दाराजवळच्या खुर्चीवर बसतात, त्याही येतात. अशा मिसळलेल्या गटात हा दाखला मी अनेकदा घेतला आहे. तुमचा गट असाच असेल, तर पुढचं कामाला येईल.

आधी मागचं पान वाचून घ्या

बावीसाव्या अध्यायापासून सुरुवात करू नका. 21:23 पासून मोठ्याने वाचा, तीन-चार जणांनी वाटून. दहा मिनिटं जातात, पण ती वाया जात नाहीत. येशू यरुशलेमेच्या मंदिरात आहे. आदल्याच दिवशी त्याने तिथले सराफांचे चौरंग उलथवले आहेत. मुख्य याजक आणि वडीलजन येऊन विचारतात, हे सगळं तू कोणाच्या अधिकाराने करतोस? त्यावर तो एकामागून एक तीन दाखले सांगतो: द्राक्षमळ्यात कामाला पाठवलेल्या दोन मुलांचा, मालकाच्या मुलाला मारणाऱ्या कुळांचा, आणि मग लग्नाच्या मेजवानीचा. पहिल्या दाखल्याच्या शेवटी तो त्यांच्या तोंडावर सांगतो की जकातदार आणि वेश्या तुमच्या आधी देवाच्या राज्यात जातात. दुसऱ्याच्या शेवटी ऐकणाऱ्यांना कळून चुकतं की हा आपल्याबद्दलच बोलतो आहे, आणि ते त्याला धरायला बघतात. गर्दीला भिऊन गप्प बसतात, एवढंच.

म्हणजे मेजवानीची गोष्ट शांतपणे झाडाखाली बसून सांगितलेली नाही. ती तापलेल्या वातावरणात, धर्माची सूत्रं ज्यांच्या हातात आहेत त्यांना सांगितलेली आहे. हे एवढं गटाच्या ध्यानात आलं की पुढची निम्मी कोडी सोपी होतात. वाचून झाल्यावर मी एकच प्रश्न टाकते: ‘आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अधिकार कोणाच्या हातात आहे?’ उत्तर मागत नाही. प्रश्न तसाच राहू देते.

बोलावणं दोनदा गेलं होतं

तिसरं वचन हळू वाचायला सांगा. राजाने चाकरांना पाठवलं ते आधीच आमंत्रण दिलेल्यांना बोलावून आणायला. त्या काळी आमंत्रण आधी जायचं, आणि सगळं तयार झालं की माणूस पुन्हा न्यायला यायचा. एस्तेरच्या पुस्तकात हामानाला मेजवानीला न्यायला राजाचे खोजे घाईघाईने येतात, ते असंच दुसरं बोलावणं.

आपल्याकडे हे समजावून सांगायला फार खटपट लागत नाही. पत्रिका हातात दिली जाते, ‘नक्की येऊ हो’ म्हटलं जातं, आणि लग्नाला चार दिवस राहिले की मुलीचा काका फोन करतो, किती जण येताय, केटररला ताटं सांगायची आहेत. त्या फोनवर ‘येतो’ म्हणून सांगितलं आणि हॉलवर कोणी फिरकलंच नाही, तर ताटं वाया जातातच, पण मुलीच्या बापाची चारचौघांत मान खाली जाते. दाखल्यातल्या आमंत्रितांनी नेमकं हेच केलं, आणि तेही राजाच्या घरच्या लग्नात. बैल आणि पोसलेली जनावरं कापून झाली होती. तिथे मुलाच्या लग्नाला न जाणं म्हणजे राजाला आणि त्याच्या वारसाला उघड नाकारणंच होतं.

आमंत्रण नाकारणारे कामाचे लोक होते. एक शेताकडे गेला, एक व्यापाराला गेला. इथे नेतृत्व करणाऱ्याने फार जपून बोलावं. आमच्या गटात वागळे इस्टेटमध्ये दोन पाळ्यांत काम करणारे आहेत, रविवारी ड्यूटी लागणारी एक नर्स आहे. पाचवं वचन हातात घेऊन त्यांना ‘बघा, तुम्ही कामाला जाता’ असं सुनावणं हा त्या वचनाचा गैरवापर आहे. त्या आमंत्रितांवर पोट भरल्याचा ठपका नाही. त्यांनी आधी हो म्हटलं होतं आणि वेळ आल्यावर बोलावण्याची किंमतच केली नाही, हा त्यांचा दोष आहे. रात्रपाळी करून डोळे चोळत उपासनेला येणारी नर्स त्यांच्यात बसत नाही.

इथे लूक 14:15-24 ही वाचून घ्या, पण दोन्ही गोष्टींची खिचडी करू नका. लूकमध्ये राजा नाही, एक गृहस्थ आहे. लग्न नाही, मोठी जेवणावळ आहे. तिथे तीन सबबी येतात: शेत घेतलंय, बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, नुकतंच लग्न झालंय. कोणाचा खून होत नाही, गाव जळत नाही, पोशाखाचा विषय निघत नाही. ती गोष्ट येशूने एका परुश्याच्या, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाच्या, घरी जेवायला बसलेला असताना सांगितली, आणि तिचा सगळा भर गरीब, लंगडे, आंधळे यांना पंगतीत बसवण्यावर आहे. मत्तयची गोष्ट मंदिरातली आहे आणि ती जास्त कडक आहे. दोन्ही कागदावर शेजारी शेजारी छापून वाटल्या की फरक लोकच शोधून काढतात. सांगावं लागत नाही.

लूकच्या चौदाव्या अध्यायातलं तेविसावं वचन मात्र स्पष्ट करून पुढे जा. ‘आग्रह करून आत आणा’ या शब्दांचा आधार घेऊन उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, मुख्य मंडळीपासून फुटलेल्या दोनातिस्त पंथाच्या लोकांवर सरकारी सक्तीचं समर्थन केलं, आणि पुढे हे वचन पुष्कळ जुलमांसाठी वापरलं गेलं. दाखल्यातल्या चाकरांच्या हातात काठी नाही. ज्यांनी नाही म्हटलं त्यांना त्यांनी ओढून आणलेलं नाही. आमच्या शेजारच्या काकू दाराजवळच्या खुर्चीवर बसतात आणि त्यांना तिथेच बसावंसं वाटतं, तोवर ती खुर्ची तिथेच राहील.

गाव जाळलं तिथे अडखळायला द्या

सहावं-सातवं वचन वाचलं की तरुण मुलं हमखास विचारतात: लग्नाचं बोलावणं घेऊन आलेल्यांना कोणी ठार मारतं का? आणि जेवण तयार असताना राजा सैन्य पाठवून अख्खं गाव जाळतो? प्रश्न रास्त आहे. ‘असं विचारू नये’ म्हणून दाबू नका. गोष्ट जिथे रोजच्या जगण्यासारखी राहत नाही, तिथेच ती लग्नाच्या पलीकडचं काही सांगत असते. मारलेले चाकर म्हणजे संदेष्टे. पुढच्याच अध्यायात, 23:37 मध्ये, येशू यरुशलेमेला संदेष्ट्यांचा घात करणारी म्हणतो. आणि जळलेल्या गावात बहुतेक अभ्यासकांना इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने उद्ध्वस्त केलेलं यरुशलेम दिसतं.

देव असा रागाच्या भरात गावं जाळतो का, हा पुढचा प्रश्न येणारच. त्यावर मी लूक 18 उघडायला लावते. तिथे विधवेला न्याय देणारा न्यायाधीश देवाच्या जागी उभा आहे, आणि येशू स्वतःच त्याला अन्यायी म्हणतो. दाखल्यातला माणूस देवाबद्दल एखादी गोष्ट दाखवतो, देवाचा सगळा स्वभाव दाखवत नाही. इथे दाखवायचं आहे ते हे, की मुलाचा अपमान राजाने हलक्यात घेतला नाही. तेवढंच धरा.

ठाण्यात हा भाग शिकवणाऱ्याने आणखी एक जबाबदारी घ्यायला हवी. शतकानुशतकं या दाखल्याचा अर्थ ‘यहुद्यांनी नाकारलं म्हणून देवाने त्यांना टाकलं आणि आपल्याला घेतलं’ असा लावला गेला, आणि त्यातून युरोपात यहुद्यांचा भयंकर छळ झाला. टेंभी नाक्याला शाआर हाशामाइम हे सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, 1879 पासून उभं आहे. तिथे जाणारे बेने इस्राएल, म्हणजे इथले यहुदी, आपल्यासारखंच मराठी बोलत आले, याच गावात शाळेला गेले, नोकऱ्या केल्या. त्या सिनेगॉगवरून टीएमटीच्या बसने जाणाऱ्या मुलांना आपण मेजवानीतून हाकललेल्या लोकांची गोष्ट म्हणून हा दाखला शिकवला, तर ते पाप आहे, आणि ते चूकही आहे. येशू यहुदी, त्याचे बारा शिष्य यहुदी, आमंत्रण घेऊन फिरणारे पहिले चाकर यहुदी. दाखला एका लोकांविरुद्ध नाही. बोलावणं आपल्याच मालकीचं आहे असं समजून बसलेल्या पुढाऱ्यांविरुद्ध आहे, आणि असे पुढारी आपल्याही मंडळ्यांत असतात.

ठाण्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांतलं कोणी असेल तर 1321 ची आठवण निघते. त्या वर्षी फ्रान्सिस्कन मिशनरी टोलेंटिनोचा थॉमस आणि त्याचे तीन साथीदार याच ठाण्यात मारले गेले, हे खरं आहे. आठवण निघाली तर आदराने ऐकून घ्या, पण तिथून दुसऱ्या धर्माच्या लोकांकडे बोट जाऊ देऊ नका. सहाव्या वचनात चाकरांना मारणारे परके नाहीत. ते आमंत्रितांच्या यादीतले आहेत, घरोब्याचे आहेत. दाखल्याचा डंख तिथेच आहे.

चौकातली माणसं

आठवं ते दहावं वचन भरभर घ्या, फक्त एक गोष्ट निसटू देऊ नका. चाकर रस्त्यांवर गेले आणि जितके सापडले तितके, वाईट आणि चांगले, दोन्ही गोळा करून घेऊन आले. गटाला विचारा: चाकरांनी दारात चौकशी केली का? कोणाला परत पाठवलं का? नाही. त्यांना जे सांगितलं होतं ते त्यांनी केलं. बोलवा, एवढाच हुकूम होता.

इथे मत्तय 13:24-30 वाचायला लावा, गव्हात निदण पेरल्याचा दाखला. तिथेही चाकर विचारतात, आम्ही जाऊन ते उपटून टाकू का? मालक म्हणतो, नको, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. एकच शुभवर्तमानकार ही दोन्ही चित्रं देतो, तेव्हा चाकरांनी काय करायचं याविषयी त्याच्या मनात संदेह नाही.

बाकीचा वेळ पोशाखाला द्या

दीड तासाची सभा असेल तर निदान अर्धा तास इथे हवा. मी सांगणं थांबवते आणि 11 ते 13 ही वचनं दोनदा वाचून घेते, दुसऱ्यांदा आवाज न चढवता.

एका वेळी असं झालं. आमच्याकडे एक ताई येते, घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये पोळी-भाजीची कामं करते. एरवी बोलत नाही. वाचन संपल्यावर ती म्हणाली, ‘त्याच्याकडे कपडाच नसला तर?’ मग तिने सांगितलं की ती ज्यांच्याकडे काम करते त्यांनीच तिला मुलीच्या लग्नाला बोलावलं होतं, आणि हॉलच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने तिला बघून, काही न विचारता, मागच्या बाजूने किचनकडे जायला हात दाखवला. ती किचनमध्ये गेली, आहेराचं पाकीट आचाऱ्यापाशी ठेवलं आणि घरी आली. हॉलमध्ये कोणी काही बोलेना. मीही बोलले नाही. कुणाचं असं दुखणं बाहेर आल्यावर लगेच वचन फेकून मारू नये.

थोड्या वेळाने आमचे एसटीतून रिटायर झालेले काका म्हणाले, ‘पण हे सगळेच रस्त्यावरून आले होते ना? मग बाकीच्यांकडे पोशाख कुठून आला?’ सगळे पुन्हा वचनात डोकावले. खरंच, सगळे एकाच घाईत आलेले, त्यांत गरीब असणारच, आणि त्या गर्दीत राजाला एकच जण तसा दिसला. मग कोणीतरी म्हणालं, राजाने त्याला विचारलं, गड्या, तू असा कसा आलास? आणि तो गप्प राहिला. गरीब होतो, वेळ मिळाला नाही, काहीही सांगता आलं असतं. त्यावर ती ताई म्हणाली, ‘राजाने विचारलं तरी. मला तर कुणी विचारलंच नाही.’

मी आजवर वाचलेल्या कुठल्याही विवेचनापेक्षा हे मला या दाखल्याच्या जास्त जवळचं वाटतं. दारातल्या माणसाने कपडे बघून ठरवलं. राजा कपडे बघतो, पण आधी बोलतो, उत्तराला जागा देतो. त्या माणसापाशी उत्तर नव्हतं, याचा अर्थ त्याला पोशाख मिळू शकत होता आणि त्याने तो घातला नाही, असाच लागतो. त्याच सभेत आम्ही याकोब 2:1-4 काढलं: सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा, आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’. तुम्हीही काढा. पोशाखाचा दाखला गरिबाच्या कपड्यांविषयी मुळीच नाही, हे याकोबाइतकं सरळ दुसरीकडे मिळणार नाही.

अशा वेळी कोणीतरी सांगतं की राजे लोक दारातच पाहुण्यांना पोशाख वाटायचे, त्याने तो घ्यायचं नाकारलं. पुष्कळ संदेशांत हे ऐकायला मिळतं. मनाला पटतंही. पण उताऱ्यात ते कुठेही लिहिलेलं नाही, आणि पहिल्या शतकातल्या पॅलेस्टाइनमध्ये अशी सरसकट रीत होती असं सांगण्याइतका भक्कम पुरावा नाही. म्हणून त्यावर इमारत उभी करू नका. ‘असं काही जण मानतात’ एवढं म्हणून पुढे जा. वचनात आहे त्यावरच काम भागतं: बाकी सगळ्यांना जमलं, आणि याच्यापाशी उत्तर नव्हतं.

मग पोशाख म्हणजे काय? इथे मंडळीत जुने वाद आहेत आणि ते ऐकवण्यासारखे आहेत. ऑगस्टीनचा युक्तिवाद मला आवडतो. तो म्हणतो, बाप्तिस्मा चांगल्यांचा होतो तसा वाईटांचाही होतो, उपास दोघेही करतात, मंडळीत दोघेही येतात. म्हणजे यांपैकी काहीच पोशाख असू शकत नाही. वाईट माणसाजवळ नसतं असं काय, तर शुद्ध मनातून निघालेली प्रीती. सक्तीचं समर्थन करणारा ऑगस्टीन आणि प्रीतीला पोशाख म्हणणारा ऑगस्टीन एकच, आणि दोन्ही सांगायला हवं. सोळाव्या शतकात पोशाख म्हणजे विश्वास की सत्कृत्यं यावर भांडणं झाली, तेव्हा प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनने लिहिलं की हा वाद निरर्थक आहे, कारण विश्वास आणि चांगली कृत्यं वेगळी करताच येत नाहीत. आमच्या गटात कॅथलिक मैत्रीण आणि प्रॉटेस्टंट घरातली माणसं शेजारी बसतात, तिथे कॅल्व्हिनचं हे वाक्य उपयोगी पडतं.

यहुदी परंपरेतही याचं जवळचं भावंड आहे. तालमूद या यहुदी धर्मशिक्षणाच्या जुन्या ग्रंथात रब्बी (धर्मगुरू) योहानान बेन झक्काई यांची गोष्ट येते: राजाने चाकरांना मेजवानीला बोलावलं, पण वेळ सांगितली नाही. शहाणे नटून थटून राजवाड्याच्या दारात येऊन बसले. मूर्ख म्हणाले, तयारीला वेळ लागेलच, आणि कामाला निघून गेले. अचानक बोलावणं आलं. शहाणे होते तसे आत गेले, मूर्ख मळलेल्या अंगाने. राजाने शहाण्यांना जेवायला बसवलं आणि मूर्खांना उभं राहून बघायला लावलं. ही गोष्ट पश्चात्तापाविषयी आहे: मरणाची वेळ माहीत नसते, म्हणून रोज तयार असा. टेंभी नाक्याच्या सिनेगॉगविषयी बोललो त्याच सभेत ही सांगितली की मुलांना दोन घरं एकाच अंगणातली आहेत हे नीट दिसतं.

माझं मत विचाराल तर मत्तयचा पोशाख मत्तयमध्येच शोधावा. 7:21 मध्ये येशू म्हणतो, मला प्रभू, प्रभू म्हणणारा प्रत्येक जण राज्यात जाईल असं नाही. पित्याच्या इच्छेप्रमाणे वागणारा जाईल. 25:31 पासून भुकेल्याला खायला आणि उघड्याला वस्त्र देणारे उजव्या बाजूला उभे राहतात. आत येण्यासाठी कोणतीही अट नव्हती, वाईटही आत आले. पण आत आल्यावर माणूस होता तसाच राहिला, त्याच्या वागण्यात त्या लग्नाचं काहीच उतरलं नाही, तर राजा त्याला विचारणार. कलस्सैकरांस पत्र 3:12-14 हे यावर उत्तम वाचन आहे: करुणा, ममता, नम्रता, सौम्यता, सहनशीलता धारण करा, आणि या सगळ्यांवर प्रीती. घरी भिंतीवर लावायला वचन मागणाऱ्यांना मी हेच देते.

आता नेतृत्व करणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. पोशाख तपासायला आत कोण येतं? राजा. चाकर नव्हेत. त्या माणसाला आत आणणारे चाकरच होते, आणि त्यांनी त्याला अडवलं नव्हतं. कोणी म्हणेल, बांधून बाहेर तर चाकरांनीच टाकलं. खरं, पण राजाने पाहिल्यावर, राजाने विचारल्यावर, राजाच्या शब्दावर. त्यांनी आपण होऊन कोणाच्या अंगावरचं बघितलं नाही. मी बऱ्याच मंडळ्या बघितल्या आहेत. ठाण्यात, मुंब्र्यात, इकडे नव्या मुंबईतही. कोण खरा विश्वासी, कोणाची मुलगी कोणाबरोबर फिरते, कोण नुसतं मदतीसाठी येतो, याची तपासणी दारातच सुरू असते. रविवारी नव्या माणसाला पहिला प्रश्न असतो, ‘तुम्ही कुठल्या मंडळीचे?’ त्याऐवजी त्याच्या हातात गीतांचं पुस्तक उघडून द्या, पंख्याखालची जागा द्या. दाखल्याने आपल्याला नेमून दिलेलं काम तेवढंच आहे आणि ते पुष्कळ आहे. उरलेली विचारणा प्रत्येकाने स्वतःपुरती, राजासमोर करायची आहे. म्हणून पोशाखावर बोलताना ‘तुम्ही’ म्हणू नका, ‘मी’ म्हणा. ‘तो माणूस कोण असेल?’ हा प्रश्न तर गटात कधीच टाकू नका. दोन मिनिटांत शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं निघू लागतात.

चौदावं वचन, बोलावलेले पुष्कळ पण निवडलेले थोडे, यावर पूर्वनिवडीचा, म्हणजे देवाने कोणाला आधीच निवडलं आहे याचा, मोठा वाद सुरू करू नका. तो वेगळ्या सभेचा विषय आहे. गोष्टीतच पाहिलं तर बाहेर टाकलेला एकच आहे आणि घर भरलेलं आहे, म्हणजे हे काही डोकी मोजून सांगितलेलं गणित नाही. बोलावणं मिळालं म्हणजे झालं, असं समजून पाय पसरणाऱ्याला दिलेला तो इशारा आहे. पहिले आमंत्रितही तसेच निश्चिंत होते आणि हा माणूसही.

काही व्यवहाराच्या गोष्टी

रविवारच्या शाळेत लहान मुलांना हा दाखला सांगायचा असेल तर हातपाय बांधण्याचं चित्र काढायला लावू नका. राजा जवळ येऊन विचारतो, इथे थांबा आणि मुलांना उत्तर देऊ द्या. दहा-बारा वर्षांच्या वरच्यांना शेवटापर्यंत सांगा, त्यांना ते झेपतं आणि लपवलेलं त्यांना कळतंही.

सभेत मृत्यू नुकताच झालेल्या घरातलं कोणी असेल तर बाहेरच्या अंधाराच्या वचनावर गेलेल्या माणसाचा विषय निघू शकतो. तो तिथेच थांबवा. कोणाचं काय झालं हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. सभा संपल्यावर त्या घरच्यांबरोबर पाच मिनिटं बसा.

शेवटची प्रार्थना नेत्याने करू नये, असं माझं मत आहे. गटातल्या सगळ्यात नव्या माणसाला विचारा, करणार का. नको म्हणाला तर आग्रह नको, दोन मिनिटं सगळे मनातल्या मनात प्रार्थना करा. मग लगेच दिवे लावून गप्पा सुरू करू नका, पाणी-चहा थोडा उशिरा आणा. ज्यांना बोलायचं असतं ते याच वेळात बोलतात.

आणि पुढच्या आठवड्यासाठी 22:15 पासूनचा भाग घरी वाचून यायला सांगा. दाखला ऐकून परुशी उठून जातात आणि येशूला बोलण्यात कसं पकडावं याची मसलत करतात. मग कैसराला, म्हणजे रोमी सम्राटाला, कर द्यावा की नाही, हा प्रश्न घेऊन आपल्या शिष्यांना पाठवतात. ज्यांना राजाने बोलावलं होतं त्यांनी ऐकल्यावर काय केलं, ते तिथे लिहिलेलं आहे.